झुरळाची कातडी आणि उमाटे सर

आर्वीत आमच्या शेजारी उमाटे सर राहतात. त्यांच्या घरात झुरळाला चपलेने मारता येत नाही. काकूंनी चप्पल उचलली की सर ओरडतात, "थांब! कातडी फाटन ना! वाटी ठेव, वाटी!" झुरळ स्टीलच्या वाटीखाली जाते आणि काकू कपाळाला हात लावतात.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना सूक्ष्मदर्शक घेतला आणि कीटकांच्या कातडीला वाहून घेतले. ती कशी घडते, हे त्यांनी मला एका उन्हाळ्यात गच्चीवर समजावले. बारीक तंतूंचा एक थर. त्यावर दुसरा, जरासा फिरवून. त्यावर तिसरा, आणखी फिरवून. सगळ्यांवर मेणाचा पातळ हात, अंगातले पाणी उडू नये म्हणून. हे दाखवायला त्यांनी काकूंनी बाजेवर वाळत घातलेल्या शेवया वापरल्या.

"आता ह्या खाच्या, का यायच्यावर परीक्षा द्याची?" काकूंनी विचारले.

यंदा सरांची तक्रार सुरू झाली : झुरळांची कातडी धुरकट निघते. आधी त्यांना फवारणीच्या औषधाचा संशय आला, मग नळाच्या पाण्याचा.

"झुरळं चांगले हायेत," काकू म्हणाल्या. "तुमचा डोया बिघडला."

मोतीबिंदू निघाला. एरवी साधी गोष्ट. पण सरांचा डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेला होता. त्याचे त्यांना दुःख नव्हते. "सूक्ष्मदर्शकाले एकच लागते," असे ते म्हणत. आता त्या एकाच डोळ्याचे ऑपरेशन होते. त्यासाठी आम्ही तिघे एसटीने वर्ध्याला गेलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी तक्ता वाचायला सांगितला. सर शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत न अडखळता गेले. काकूंनी पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकली. आता सर झुरळाची चौकशी करणार, असे मला वाटले.

ते काकूंकडे वळले. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा हात धरून मनगटाजवळच्या डागावर बोट ठेवले.

"हे कवा भाजलं व?"

"मांगच्या दिवाईत. तेल उडालं होतं."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगून का दिसलं असतं तुमाले?"

सरांनी हात सोडला नाही. बाकावरच्या दोन बायका हसू लागल्या.

"सोडा आता," काकू पुटपुटल्या. "लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे," सर म्हणाले. "मीबी पाहूनच राह्यलो."