पुढचा ठळक, मागचे धूसर

"अहो थांबा, आधी नारळ फुटू द्या. मग काढा त्याला भाईर," असं म्हणत मुक्ताबाईंनी नवऱ्याचा हात धरला.

बद्रीनाथअण्णा बीडहून आणलेल्या खोक्यातून कॅमेरा काढत होते. काळाभोर, मोठ्या नाकाचा, गळ्यात अडकवायचा. घरात ट्रॅक्टर आला तेव्हा नारळ फुटला होता, विहिरीवर मोटर बसली तेव्हाही फुटला होता. कॅमेऱ्यानेच काय पाप केलं, असं मुक्ताबाईंचं म्हणणं. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि थेट काचेकडे नेलं.

"तिथं न्हाई! तो डोळा हाय त्याचा!"

"मग वर लावते. आपण तरी डोळ्यात लावतो व्हय?"

बोट काचेच्या वर टेकलं आणि कॅमेऱ्याला कपाळ मिळालं.

कॅमेऱ्याची हौस अण्णांना नव्हती, गरज होती. नेकनूरच्या पुढे दोन वळणं गेलं की त्यांचं गाव. गावच्या सोसायटीचं चेअरमन व्हायचं म्हणून अण्णा दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले. मागच्या वेळी त्यांनी वेशीवर मोठा फ्लेक्स लावला होता. फोटो मोबाइलवर काढलेला, आणि काढताना मागे म्हैस उभी. फ्लेक्स एवढा मोठा झाला, की अण्णांच्या उजव्या कानातून निघालेलं शिंग रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतूनही दिसे. पार तलवाड्याहून माणसं ते शिंग बघायला येत. एका व्यापाऱ्याने तर फ्लेक्सखाली उभं राहून म्हशीचा भाव विचारला. अण्णांना कुणी काही विचारलं नाही.

पडलो ते त्या म्हशीमुळे, असं अण्णांनी मनाशी पक्कं केलं होतं.

या खेपेला मात्र गणित जमलं होतं. चेअरमन निवडणाऱ्या तेरा संचालकांपैकी अण्णांना धरून सात त्यांच्याकडे, सहा विरोधातल्या रामकिसनकडे. एक जरी माणूस इकडचा तिकडे झाला, की पुढची पाच वर्षं रामकिसनसमोर हात बांधून बसायचं. म्हणून फोटो कसा चोख पाहिजे, असं त्यांनी बीडच्या दुकानदाराला, वाहेदला बजावून सांगितलं होतं.

"चाचा, कॅमेरा हाच घ्या, शिकणाऱ्याचा हाय," वाहेद म्हणाला होता. "आन् वर ही दुसरी लेन्स घ्या. हा आकडा लहान ठेवला की म्होरचा माणूस एकदम ठळक आन् मागचं समदं धूसर. म्हस तर सोडाच, डोंगर उभा ऱ्हायला तरी दिसनार न्हाई."

"मग तसाच बसवून दे. मला पुन्हा आकड्यात पाडू नको."

वाहेदने तसाच बसवून दिला.

निवडणुकीआधी आपले संचालक फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायची रीत आहे. मोठे पुढारी समुद्रावर नेतात. अण्णांनी दोन जीपा केल्या आणि सगळ्यांना जवळच्याच कपिलधारच्या देवस्थानाला न्यायचं ठरवलं.

"कपिलधार?" मुक्ताबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "तिथून तर मानूस चालत वापस येतंय. ही काय सहल झाली?"

"देवाच्या दारात मानूस बेइमान व्हत न्हाई."

"चपला तर तिथूनच जात्यात!"

अण्णांनी आपला सोडून सगळ्यांचे मोबाइल काढून पिशवीत भरले, पिशवी काखेत मारली आणि ते निघाले. धबधबा चांगला पडत होता. दर्शन झालं, भजी झाली. मग फोटोची वेळ आली. सातही जण एकत्र आहेत हे रामकिसनला दिसलं, की त्याचा फोडाफोडीचा नाद सुटणार होता. पण सगळेच फोटोत आले तर काढणार कोण? बाहेर राहायला कुणी तयार होईना. शेवटी अण्णांनी कॅमेरा मंजुळाबाईंच्या हाती दिला. त्या महिलांच्या जागेवरून निवडून आलेल्या संचालक, बोलायला कमी आणि भजी खायला जोरदार.

"ताई, बायामान्सांचा हात हालत न्हाई. तुमीच काढा."

"मला न्हाई येत बघा."

"यायला काय लागतंय? माझ्या नाकावर धरायचं आन् बटन दाबायचं."

मंजुळाबाईंनी नाकावर धरलं आणि बटन दाबलं. कॅमेऱ्यातून मोबाइलवर फोटो घ्यायची सोय वाहेदने करून दिली होती. अण्णांनी तो तिथूनच गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'काढणाऱ्या ताईंना धरून सातही जण सोबत.'

फोटो मात्र असा उतरला होता, की अण्णांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. आणि मागे, जिथे पाच संचालक छाती काढून उभे होते, तिथे पाच पांढुरके ढग तरंगत होते.

सगळ्यात आधी रामकिसनचं उत्तर आलं. 'अण्णा, अभिनंदन. तुमी तर दिसाय लागले. मागं काय धुनी वाळू घातलीत का?'

पाठोपाठ अण्णांचा मोबाइल वाजला. हनुमान नावाच्या संचालकाची बायको, जानकीबाई.

"अण्णा, आमचे हे कुठं हायेत?"

"हे काय, माझ्या मागंच उभे हायेत."

"मागं तर धूर हाय नुसता! लोकं म्हनाय लागले, आसली मान्सं पळाली आन् अण्णानं दुसरेच उभे केले. मला आवाज ऐकवा त्यांचा."

हनुमानने आवाज ऐकवला. जानकीबाईंना तो सर्दी झाल्यासारखा वाटला, म्हणून पुन्हा ऐकवला. तोवर भारत नावाच्या दुसऱ्या संचालकाच्या सासूबाईंचा फोन त्याच मोबाइलवर ताटकळत होता. जावई दिसल्याशिवाय त्या जेवायला बसणार नव्हत्या.

आता हनुमान बिघडला. "अण्णा, मत देताना आमी ठळक, आन् फोटोत धूसर? हे कावून?"

"अरे, कॅमेऱ्याची करामत हाय ती."

"कॅमेरा तुमचाच हाय की!"

पुन्हा फोटो काढायचं ठरलं. सगळे एका रांगेत उभे राहिले, तर कडेचे दोघे अर्धे कापले जाऊ लागले. मंजुळाबाई मागे सरकल्या, आणखी सरकल्या आणि त्यांचा पाय कुंडात गेला. कॅमेरा वर धरून त्या गुडघाभर पाण्यातून बाहेर आल्या. मग अण्णांनी वाहेदला फोन लावला.

"चाचा, आकडा वाढवा. समदे साफ दिसतील."

कुठलं चाक कुठे फिरवायचं हे मंजुळाबाईंनी फोनवर ऐकून घेतलं, आकडा वाढवला आणि फोटो काढला. वाहेदचा शब्द खोटा नव्हता. समदे साफ दिसले. अण्णा दिसले, पाचही संचालक दिसले आणि अण्णांच्या खांद्यावरून, धारेखाली आंघोळ करणारे पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतले एक आजोबाही दिसले. डोक्याला साबण लावलेला, एक हात वर. जणू तेच मत मागत होते.

"हा आठवा संचालक कुनाच्या पार्टीचा हाय?" भारतने विचारलं.

आजोबांना थांबा म्हणायची सोय नव्हती. ते गेले, तर त्यांच्या जागी दुसरे आले, त्यांची चड्डी त्याहून मोठी. शेवटी आकडा पुन्हा लहान झाला.

"मग आसं करा," हनुमान म्हणाला, "एक फोटो मी म्होरं ऱ्हाऊन. एकदा घरच्यांना तोंड दिसलं की झालं."

अण्णांनी मान डोलवली. तिथेच त्यांचं चुकलं. हनुमान पुढे आला, अण्णा मागे गेले. मग भारत पुढे आला. मग उरलेले तिघेही एकेक करून पुढे आले. प्रत्येक फोटोत मंजुळाबाई नवऱ्यामुलाला बोहल्यावर उभं करावं तशा त्या त्या माणसाला सरळ करत. "टोपी नीट करा. हसू नगा. लांब बघा, मोठ्या मान्सासारखं."

आता ही माणसं जन्मभर गर्दीतच फोटोत आलेली. सत्काराच्या वेळी तिसऱ्या रांगेत, दोन फेट्यांच्या मधून एक डोळा, एवढंच. आज पहिल्यांदा ती पुढे ठळक होती आणि बाकीची दुनिया मागे विरघळली होती. भारत कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"हनुमान, खरं सांग बे. ह्यात मी कसा दिसाय लागलो?"

"भारत दिसाय लागलास."

"न्हाई, नीट बघ. चेअरमन न्हाई का दिसाय लागलो?"

हनुमानने नीट बघितलं. मग त्याने स्वतःचा फोटो पुन्हा काढायला लावला आणि तोही नीट बघितला.

फोटो घ्यायचे म्हणजे ज्याचा त्याला मोबाइल द्यावा लागला. पिशवी रिकामी झाली. पाचही जण पाच झाडांखाली जाऊन बसले आणि जो तो हळू आवाजात घरी बोलू लागला. अण्णांनी मुक्ताबाईंना फोन लावला.

"समदं झ्याक हाय. मान्सं खुश हायेत."

"किती खुश हायेत?"

"लई खुश."

"मग या पळत," मुक्ताबाई म्हणाल्या.

रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी, निवडणुकीच्या सकाळीच, जीपा गावाकडे वळल्या. वेशीवर अण्णांचा नवा फ्लेक्स डौलात उभा होता, शिंगाशिवाय. पण त्याच्या शेजारी हनुमानचा होता. पुढच्या खांबावर भारतचा. पिंपळाखाली एक, गिरणीवर एक, आणि एक थेट सोसायटीच्या दारावर. पाचही फ्लेक्सवर खाली 'भावी चेअरमन' आणि शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. ठळक माणसाच्या मागे ढग होते, आणि त्यातला एक ढग प्रत्येक ठिकाणी होता. तो ढग कोण, हे फक्त मुक्ताबाईंनी ओळखलं.

सोसायटीच्या ओसरीवर अण्णांनी सगळ्यांना एका कोपऱ्यात घेतलं. आत रामकिसन आपल्या पाच जणांसह पंख्याखाली बसून वेलदोड्याचा चहा पीत होता. निवडणूक अधिकारी घड्याळाकडे बघत होते.

"आसं काय करता रे? ठरलं काय व्हतं?"

"ठरलं व्हतं, खरंय," हनुमान म्हणाला. "पन अण्णा, फ्लेक्स लागलाय. जानकीनं माहेरची मान्सं बोलावलीत. आता मी मागं कसा सरू?"

"मग मी तर सरतच न्हाई," भारत म्हणाला. "माझ्या सासूनं फ्लेक्स बघून आज कुठं जेवन केलं."

"आरं, सहा जन उभे ऱ्हायलो तर सहाला एकेक मत पडल! रामकिसन चहा पीत पीत निवडून येतोय!"

हे सगळ्यांना कळत होतं. रामकिसन निवडून आलेला कुणालाच नको होता. पण त्याच्याहूनही नको होतं, ते शेजारच्या फ्लेक्सवरच्या माणसाने निवडून येणं. हनुमानला भारत चालेना, भारतला हनुमान चालेना आणि अण्णा आता पाचांनाही चालेनात. आतून अधिकाऱ्यांनी शेवटची हाक दिली.

तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष मंजुळाबाईंकडे गेलं. त्या खांबाला टेकून कुंडात भिजलेली चप्पल उन्हात धरून वाळवत होत्या. त्यांचा फ्लेक्स नव्हता. एकाही फोटोत त्या नव्हत्या. त्या कुणाच्या पुढे उभ्या राहिल्या नव्हत्या आणि कुणाला त्यांनी मागे ढकललं नव्हतं.

"ताईंचं नाव टाकलं तर?" हनुमान म्हणाला.

"चालल," भारत म्हणाला. तिघांनी माना हलवल्या. सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णांनी पंख्याखालच्या रामकिसनकडे बघितलं आणि तेही म्हणाले, "चालल."

"मला कायला ओढता?" मंजुळाबाई म्हणाल्या. "मला काय येतंय त्यातलं?" असं म्हणत त्यांनी चप्पल पायात घातली, केसांवरून हात फिरवला, पदर खोचला आणि त्या सगळ्यांच्या आधी आत पोचल्यासुद्धा.

सात विरुद्ध सहा. रामकिसनचा चहा निम्मा राहिला.

गुलाल उधळला, ताशा वाजला. ग्रुपवर नव्या चेअरमनचा फोटो टाकायला हवा, असा गलका झाला, आणि गावात शोध घेतला तर मंजुळाबाईंचा एकही फोटो नव्हता. सगळ्यांची नजर अण्णांच्या गळ्याकडे गेली. अण्णांनी कॅमेरा वर घेतला आणि एक डोळा मिटला.

मंजुळाबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पाठ ताठ केली, लांब बघितलं आणि मग हात हलवून अण्णांना खुणावलं.

"भावजी, दारातून जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडाय लागली माझ्यावर."

अण्णा बाजूला झाले.