चकती आडनाव विचारत नाही

आमच्या धायरीच्या सोसायटीत गणपतीपुढे नारळ फुटायचा असेल, तर गुरुजींना आधी गॉगल लावावा लागतो. पांढरा, बाजूंनी बंद, कारखान्यात घालतात तसला. तो पोंक्षे सरांच्या खिशात तयारच असतो.

"करवंटीचा कपचा उडाला म्हणजे? मंत्र आपल्याला डोळे मिटूनही येतील. पण घरी जाताना रस्ता ओलांडायचाय ना?" असं गुरुजींना विचारून सर आम्हा भक्तांना हाताने तीन पावलं मागे सारतात. सोसायटीच्या फोटोत गणपती प्रसन्न दिसतो आणि गुरुजी वेल्डिंगला निघाल्यासारखे.

पोंक्षे सर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या वर्गाला शिकवायचे. सत्तरी कधीच ओलांडली. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. मी त्यांना चक्रम म्हणायचो. चारचौघांत, मोठ्याने. मग मी ग्राइंडर विकत घेतला.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. उभ्या आयुष्यात हाताळलेलं सर्वांत धोकादायक अवजार म्हणजे पेन्सिलीचं शार्पनर. पण शनिवार पेठेतून इकडे येताना आणलेला पुस्तकांचा लोखंडी रॅक नव्या घरात माळ्याला अडायला लागला. चारही पाय वीतभर कापायला हवे होते.

"फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा," माझी बायको सुलभा म्हणाली. "पाच मिनिटांचं काम आहे त्याचं."

त्याचं पाच मिनिटांचं, तर माझं दहा मिनिटांचं, असा मी हिशेब केला. तीन व्हिडिओ पाहिले आणि हातात धरून लोखंड कापायचा ग्राइंडर मागवला. सोबतचं माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं. त्यात 'सुरक्षितता'चा उकार दीर्घ होता, तो ऱ्हस्व केला. मजकूर काय होता, हे मात्र आजही सांगता यायचं नाही.

कापणाऱ्या चकतीवर अर्धवर्तुळाकार लोखंडी गार्ड होता. त्याने चकती नीट दिसेना, म्हणून काढून टाकला. दुसऱ्या हातासाठीचं हँडल खोक्यातच ठेवलं. एका हातात यंत्र जास्त रुबाबदार दिसत होतं. अंगात सैल झब्बा, थंडी म्हणून मफलर, डोळ्यांवर वाचायचा चष्मा, पायात स्लिपर. गॅलरीत रॅक आडवा पाडून त्यावर पाय रोवला. शेजारी रद्दीचा गठ्ठा. बटणाकडे बोट नेलं आणि समोरच्या इमारतीतून आरोळी आली.

"अहो! थांबा! आधी प्लग काढा!"

थोड्याच वेळात सर दारात, धापा टाकत. मी एखादं घाण प्रूफ जसं पाहतो, तसं त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं.

"आपल्याला रॅक कापायचाय की स्वतःला?"

"सांभाळूनच करणार होतो, सर."

"सांभाळून सगळेच करतात. चकती आडनाव विचारत नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी विजेला हातच लावू दिला नाही. गार्ड बसवायला लावला. हँडल बसवायला लावलं. मफलर उतरवला. "हा चकतीत गेला की मागोमाग आपण." चकती उजेडात धरून तडा शोधायला शिकवलं. तिच्यावर लिहिलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही ना, ते वाचायला लावलं. "वाचता येतं ना आपल्याला?" हे वर. कापायच्या चकतीने फक्त कापायचं, तिच्या अंगाने घासायचं नाही. चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. मी सगळं वहीत टिपलं. सरांनी वही घेतली, 'दोन्ही हातांनी' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या आणि परत दिली. माझ्या मजकुरावर कुणी खूण करण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गेलो. रॅक बाकाला दोन क्लॅम्पनी आवळला. पाण्याची बादली आली. मला सरांचे बूट, घट्ट चामडी हातमोजे, गॉगल आणि त्यावर तोंडभर काच असा पोशाख चढला. ग्राइंडर मिनिटभर रिकामाच फिरवून पाहिला. मग तीन पाय असे कापले गेले, की मी आजवर उगाच ऱ्हस्वदीर्घात आयुष्य घालवलं असं मला वाटू लागलं.

चौथ्या पायाला सुलभा मागच्या खिडकीत आली. मी तिच्याकडे बघून मान डोलावली. तेवढंच. हात तिरका झाला, चकती फटीत आवळली गेली आणि ग्राइंडरने लाथ झाडली. खाडकन आवाज झाला.

"बटण!" सर ओरडले.

मी बंद केलं. चकतीचा अर्धा भाग नाहीसा झाला होता. गार्डला आतून पोचा पडला होता, बरोबर माझ्या पोटाच्या बाजूला. तोच गार्ड, जो मी काढून टाकला होता.

आता सर काय बोलणार, याची मी मान खाली घालून वाट पाहत होतो. त्यांनी प्लग काढला, माझे हातमोजे उतरवले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बोटं मोजली. एक, दोन, तीन. दहा झाली. मग पुन्हा पहिल्यापासून.

"वर्कशॉप सुटलं की मी दारात उभा राहून प्रत्येक पोराशी हात मिळवायचो," ते बाकावर बसत म्हणाले. "पोरं म्हणायची, सर फार प्रेमळ. मी बोटं मोजत असायचो."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. नोकरीभर एकही कमी भरलं नाही." त्यांनी माझे हातमोजे एकावर एक ठेवले. "निवृत्त झालो, तर संध्याकाळी हात स्वस्थ बसेना. मग हिची मोजायचो. चिडायची. आता ती नाही."

त्या दिवशी नवी चकती लावून चौथा पाय पुरा केला. रॅक माळ्याखाली बसला.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सर, हातात क्लॅम्पची पिशवी.

"सहज आलो. काही कापायचं राहिलंय का?"

"नाही, सर. झालं सगळं."

"छान. छान," म्हणत ते जिना उतरायला लागले, कठड्याला धरून, सावकाश. सुलभा माझ्याकडे बघत राहिली. चूक दाखवायला तिला तांबडी पेन्सिल लागत नाही.

दुपारीच मी कसबा पेठेत जाऊन लोखंडाच्या दुकानातून माझ्या उंचीचा एक काटकोनी अँगल उचलून आणला. बसमध्ये कंडक्टर जे बोलला, ते छापण्याजोगं नाही. संध्याकाळी तो सरांच्या दारात उभा केला.

सरांनी अँगलवरून अंगठा फिरवला. "ह्याचं काय करायचंय?"

"कुंड्यांचं स्टँड."

"आपल्याकडे कुंडी आहे?"

"नाही."

त्यांनी अँगल वितीने मोजला. मग म्हणाले, "फूटफूटभराचे तुकडे करू. कशालाही उपयोगी पडतात," आणि बूट आणायला आत गेले.