फॉल्ट हाय

लासुर्ण्यात आमच्या गल्लीत सकाळचे सात वाजले हे कळायला घड्याळ लागत नाही. बरोबर सातला उत्तमतात्यांच्या पडवीतून पहिली आरोळी येते, "आरं बोल की! तोंडात काय माती भरलीया का?" नवीन माणसाला वाटतं, म्हातारा घरात कुणाचा तरी छळ करतोय. आमच्याकडे बदलून आलेल्या ग्रामसेवकांनी तर पहिल्याच आठवड्यात पोलीसपाटलांना बोलावून आणलं होतं. पाटलांनी पडवीत डोकावून पाहिलं. तात्या कमरेवर हात ठेवून संगणकापुढे उभे होते आणि स्पीकरला दम देत होते.

उत्तमतात्या साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर फॉल्ट शोधले. पाळी बदलताना वहीत प्रत्येक यंत्रापुढे एकच शब्द लिहायचा, ही त्यांची पद्धत. फॉल्ट असेल तर 'हाय', नसेल तर 'न्हाय'. तिसरा शब्द नाही. एकदा एका ऑपरेटरनं न बघताच 'न्हाय' लिहिलं, तर तात्यांनी भर कॅन्टीनमध्ये त्याच्या हातातला वडा काढून घेतला आणि त्याला आधी मोटारीपुढे नेऊन उभं केलं. खोट्या नोंदीचा त्यांना भयंकर राग. तसा त्यांना सगळ्याचाच राग आहे. उशिरा येणाऱ्या एस्टीचा आहे, लवकर येणाऱ्या एस्टीचाही आहे.

संगणक त्यांनी बारामतीच्या भंगारवाल्याकडून उचलून आणला. इतका जुना की त्यावर नवं काही चालेना. मग पुण्याचा मुलगा दिवाळीला आला आणि त्यानं त्यात एक वेगळीच सिस्टीम घालून दिली. संगणकाला चालवणारी ही मूळ सिस्टीम जगभरातली चारदोन माणसं हौसेनं, उघड्यावर बनवताहेत. कुणीही वापरावी, चुका सांगाव्यात. ती अजून अर्धवट आहे आणि सुरू होतानाच तसा इशारा देते, की रोजच्या कामाला वापरू नका.

"वापरायची न्हाय तर ठिवली कशाला?" तात्या कडाडले. "लोणचं हाय व्हय मुरवायला?"

गुऱ्हाळात पाक उतरायच्या आधी कच्चा असतो तशी म्हणून तिचं नाव त्यांनी 'कच्ची' ठेवलं. कच्चीत की-बोर्ड चालायचा, पडदा दिसायचा, पण आवाज काही केल्या फुटायचा नाही. तात्यांनी ठरवलं, आवाज काढायचाच. आणि ते निव्वळ हट्टाचं नव्हतं. कच्चीवाल्यांचा नियम असा, की ज्या जुन्या मशीनचा फॉल्ट मिटत नाही ते मशीन यादीतून काढून टाकायचं. म्हणजे आवाज निघाला नाही तर पुढची कच्ची तात्यांच्या मशीनवर चालणार नव्हती.

तक्रारी लिहायला एक जागा असते. तिथं तात्यांनी स्वतःच, इंग्रजी अक्षरांत, कारखान्याच्या पद्धतीनं नोंद सुरू केली. हाय कसं लिहायचं हे त्यांना मुलाच्या मेसेजवरून माहीत होतं. मुलगा मेसेजच्या सुरुवातीला एच आणि आय लिहायचा. तात्यांना वाटायचं, लेक कळवतोय की मी हाय, बरा हाय. त्याच स्पेलिंगनं त्यांनी लिहिलं, "साउंड फॉल्ट हाय."

तिकडे योहान नावाचा एक परदेशी माणूस आवाजाचं काम बघायचा. त्यानं लगेच उत्तर दिलं, "हाय!"

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पुन्हा "हाय" लिहिलं. योहाननं पुन्हा "हाय!" म्हटलं, वर एक हसरा चेहरा चिकटवला. असं तीन आठवडे चाललं. शेवटी तात्या तणतणत माझ्या घरी आले. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवतो, हा माझा गुन्हा.

"सर, त्यालाबी म्हाईत हाय, की हाय! रोज कबूल करतंय बेणं. मंग दुरुस्त का करंना?"

मी सगळं वाचलं आणि डोक्याला हात लावला. की-बोर्डपुढे तात्यांनी 'न्हाय' लिहिलं होतं, तर तो बिचारा न्हाय नावाच्या कंपनीचा की-बोर्ड जगभर शोधत बसला होता.

त्या दिवसापासून मी तात्यांचा लेखनिक झालो. माझी रविवारची सकाळ गेली, मग रोजचा चहाही गेला. तात्या फेऱ्या मारत सांगायचे, "लिव्हा त्याला, हाताला लकवा भरलाय का तुझ्या? झोपा काढतो व्हय?" मी लिहायचो, 'आपण या बाबीत लक्ष घालाल तर आभारी राहीन.' एकदा त्यांना संशय आला.

"मी एवढं बोललो आन् तुमचं दोन वळीत झालं? शिव्या कुठं हायत?"

मी घाईत होतो. शेवटच्या शब्दावर बोट ठेवून म्हणालो, "ही काय. सिन्सिअरली."

"लई कडक हाय?"

"फार."

"मंग दोनदा घाला."

म्हणून तात्यांच्या पत्रांखाली 'सिन्सिअरली, सिन्सिअरली' असतं. योहानला हा माणूस किती मनापासून लिहितो याचं फार कौतुक होतं. तो रोज न चुकता विचारायचा, तात्या, आज काय ऐकू आलं? खरखर की टिकटिक? डाव्या बाजूनं की उजव्या? तात्यांच्या मशीनचं भावंड त्यानं त्याच्या गावच्या भंगारातून शोधून आणलं आणि त्यावर रात्रंदिवस बसला. माझ्याकडून दोन मराठी शब्द मागवून घेतले आणि चाचणीसाठी स्वतःच्या आवाजात ते बोलून पाठवले. तरी रोज सकाळी पडवीतून आरोळी यायचीच आणि मी रोज लिहायचो, आवाज नाही, फॉल्ट आहे. नेटवर्क मधूनमधून तुटतं, अशीही एक नोंद तात्यांनी मला करायला लावली होती.

मग एका रविवारी योहानचं पत्र आलं. 'माझ्या मशीनवर आवाज येतो, तुमच्या मशीनवर येत नाही. दोन महिने झाले, मला कारण सापडत नाही. मला हे काम जमत नाही असं मी आता मान्य करतो. मी कच्ची सोडतोय. तुमचं मशीन यादीतून जाईल, त्याबद्दल क्षमा करा.'

मी तसाच उठलो आणि मोबाईल घेऊन परसदाराकडून तात्यांकडे गेलो. सातची आरोळी होऊन गेली होती. पडवीत तात्या बशीतून चहा पीत शांत बसले होते आणि संगणकातून कुणीतरी बोलत होतं.

"डा-वा," एक परका आवाज म्हणाला. मग दुसऱ्या बाजूनं, "उ-जा-वा."

तात्या मान डोलावून म्हणाले, "हं." आणि पुन्हा बटण दाबलं.

माझं टाळकंच सरकलं. "तात्या, हा आवाज कधीपासून येतोय?"

बशी हिंदकळली. "आत्ताच की..." म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बशी खाली ठेवली. "दोन महिनं झालं."

"आणि रोजचा आरडाओरडा?"

"तो तुमच्यासाठी. न्हाय वरडलो तर तुमाला कळंल की, मिटला म्हणून."

मी आयुष्यात कुणा वडीलधाऱ्या माणसावर इतका ओरडलो नसेन. म्हटलं, दोन महिने तुम्ही माझ्या हातानं खोटं लिहून घेतलंत! ऑपरेटरचा वडा काढून घेणारे तुम्ही! तिकडे एक भला माणूस स्वतःला नालायक ठरवून काम सोडून चाललाय! आणि त्यांच्यापुढे मोबाईल धरून मी ते पत्र मराठीत वाचून दाखवलं, एकही शब्द मऊ न करता.

तात्यांनी स्पीकर बंद केला. मग म्हणाले, "फॉल्ट मिटला की माणूस फिरकत न्हाय, सर. जलमभर बघितलंय. मोटार बंद पडली की तात्या, तात्या. सुरू झाली की कुणी वळून बघत न्हाय. मिटला म्हणून लिव्हलं की ते तक्रारीवर 'क्लोज' लावत्यात. मंग ह्यो उद्या कशाला इचारंल, तात्या, आज काय ऐकू आलं म्हणून?"

"मुलगा करतो की फोन."

"त्यो इचारतो, गोळ्या घेतल्या का."

माझा राग अजून उतरला नव्हता. म्हटलं, "मग राहू द्या. जाऊ द्या त्या योहानला."

तात्या ताडकन उठले. "जाऊ द्या म्हंजे? पोरानं काम केलंय! लिव्हा. आत्ता लिव्हा."

मी बसलो. या वेळी ते फेऱ्या मारत नव्हते. "लिव्हा, आवाज येतो. दोन महिनं येतोय. मी खोटं बोललो. तुझं काम चांगलं हाय, सोडू नगंस. फॉल्ट माझ्यात हाय."

मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं. पहिल्यांदाच.

"आन् खाली ती सिन्सिअरली घालू नका," तात्या म्हणाले.

दोन दिवस उत्तर नाही. दोन दिवस सातची आरोळीही नाही. ग्रामसेवक मला विचारून गेले, म्हातारबाबा बरे आहेत ना? मी तात्यांवर इतका ओरडलो होतो की त्यांच्या दारात जायची मला लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं आणि जावंच लागलं. तात्या पडवीत बसले होते, संगणकावर फडकं टाकलेलं. मी वाचायला लागलो. इतक्या महिन्यांत एक वाकडा शब्द न लिहिलेला योहान पहिल्याच ओळीत तात्यांना अडेलतट्टू म्हाताऱ्या म्हणाला होता. पुढे तर सुटलाच होता. 'माझ्या बायकोच्या वाढदिवसाला मी तुझ्या स्पीकरचं कोडं सोडवत बसलो होतो. ती चार दिवस बोलली नाही. तुला लाज कशी वाटली नाही? बोलायचं होतं तर बोलायचं सरळ, मी काय तुला खाणार होतो?' मधला एक शब्द जरा जास्तच होता, तो मी गाळला.

"सर, गाळू नका," तात्या म्हणाले. त्यांना माझी जीभ अडखळलेली कळली.

मी तो शब्दही सांगितला. शेवटी लिहिलं होतं, 'आणि नेटवर्कचा फॉल्ट? तोही खोटा का? आजच्या आज तपास आणि मला सांग. खरं सांग.'

तात्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसून झाला तरी डोळ्यांवर चढवला नाही.

"आमची मंडळी गेली त्याला आठ वर्सं झाली," ते म्हणाले. "तवापास्नं मला कुणी अरं-तुरं करून रागं भरलं न्हवतं, सर. समदी आपली अहो-जाहो करत्यात."

त्यांनी उठून संगणकावरचं फडकं काढलं, वायर खोचली आणि तसेच माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"वाचा परत. पहिल्यापास्नं."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, या वेळी जरा मोठ्या आवाजात आणि रागानं.