मोठा ग्लास

टायफॉईड आला आणि गेला, पण जाताना राजमतीची भूक घेऊन गेला. ताप उतरून दोन महिने झाले तरी ती ताटात अर्धी भाकरी घेऊन बसायची, तिचे तुकडे इकडून तिकडे सरकवायची आणि शेवटी म्हणायची, "न्हाय जात ओ." समोर तिचा नवरा गोमटेश हातातला घास तसाच धरून बसायचा. लग्नापासून ज्या बाईनं त्याला आग्रह करकरून वाढलं, तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. दुकानात गिऱ्हाइकाला स्टीलचे डबे दाखवताना मध्येच तो डबा हातात धरून थांबायचा आणि गिऱ्हाईक समजायचं, शेटला भाव कमी करणं जिवावर आलंय.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "आता औषध नको. रोज संध्याकाळी चालवा त्यांना. अंग दमलं की भूक लागेल."

पण राजमतीला कामाशिवाय चालणं ठाऊक नव्हतं. "बिनकामाचं रंकाळ्यावर हिंडू? लोक म्हणतील, घरात भांडून आलीया."

मग गोमटेशनं आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली. "अगं, चालायचं मला सांगितलंय. वजन लई वाढलंय म्हणं. पण एकट्याच्यानं मला रेटायचं न्हाय."

नवऱ्याच्या तब्येतीचं नाव काढल्यावर राजमती पदर खोचूनच उठली. "मग उद्यापास्नं चला. मी येते संगट."

दुसऱ्या दिवशी दोघं रंकाळा तलावाला फेरी मारून दिवस असताना घरी आले. त्यांच्या जैन घरात पिढ्यान्‌पिढ्या सूर्य बुडायच्या आत जेवण. सूर्य बुडाल्यावर तोंडात कण जायचा नाही. गोमटेश आशेनं बायकोच्या ताटाकडं बघत बसला. ताटातली अर्धी भाकरी अर्धीच राहिली. भूक आली होती, पण पत्ता चुकून त्याच्या पोटात शिरली होती. तो एकापाठोपाठ एक भाकरी हाणत सुटला. शेवटी टोपली रिकामी झाली तेव्हा राजमतीनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं शेवटचा घास न चावताच गिळला.

"चालून वजन उतरवायचं आणि घरी येऊन दुप्पट खायचं, ह्याला काय अर्थ हाय?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात उकडलेला दुधी आला. इथवर ठीक होतं. पण तिनं स्वतःलाही दुधीच वाढून घेतला आणि त्यातलाही निम्मा ठेवला.

"अगं, तू भाकरी खा की."

"तुमच्यासमोर भाकरी खाऊ? तुमचा जीव तळमळंल."

आपल्या थापेनं तिची होती ती अर्धी भाकरीही गेली, हे बघून गोमटेश हबकला. त्यानं खरं सांगून टाकलं, "राजमती, माझ्या वजनाचं कोण काय बोल्लंच न्हाय. ते तुझ्यासाठी हुतं."

ती हसली. "ही तुमची भूक बोलतीया. खावा दुधी."

आता खरं बोलूनही सुटका नव्हती आणि पोटात तर कावळे कोकलत होते. मग तो दुकानातून जरा आधीच निघायचा आणि गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचा. तिथं म्हशी रस्त्यालाच उभ्या असतात. आण्णा गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढून, दूध गाळून, फेसाळता ग्लास हातात द्यायचा. एक मोठा ग्लास पोटात गेला की गोमटेशला दुधी सोसायचा.

पण काट्याला कोण फसवणार? दुकानातल्या वजनकाट्यावर राजमतीनं त्याला उभा केला, तर वजन वाढलेलं. ती काळजीत पडली. "चालणं कमी पडतंय. आजपास्नं दोन फेऱ्या."

दोन फेऱ्यांच्या घाईत गोमटेशचा कट्टा चुकला, तरी पहिल्याच दिवशी उशीर झाला. ऊन घरांच्या माथ्यावर गेलं होतं. दिवस बुडायच्या आत घर गाठायचं म्हणून राजमतीनं जवळची वाट धरली, ती नेमकी गंगावेशीतून. गोमटेश मान खाली घालून भराभर चालत होता, पण आण्णानं त्याला बरोबर हेरलं.

"ओ शेट, आज दिसला न्हाईसा? हे घ्या, भरलाय बगा. रोजचा मोठा ग्लास."

राजमती थांबली. "रोजचा?"

गोमटेशला म्हशीच्या पोटाखाली लपावंसं वाटलं.

"आण्णा, ते परत चरवीत वता," राजमती म्हणाली.

"वैनी, ग्लासात पडल्यालं मी परत घेत न्हाय."

दूध ओतून टाकायचं तर पाप. दुसऱ्याला द्यावं तर कट्ट्यावर ज्याच्या त्याच्या हातात ग्लास. घरी न्यावं तर दिवस बुडणार. गोमटेशनं समजूतदार चेहरा करून हात पुढं केला. राजमतीनं ग्लास ओढून घेतला.

"तुमी न्हाय," ती म्हणाली आणि तिनं तो एका दमात रिकामा केला.

वरच्या ओठावर फेसाची मिशी घेऊन तिनं रिकाम्या ग्लासात डोकावून बघितलं. मग जरा लाजून म्हणाली, "आण्णा, आजून एक मिळंल?"

दुसराही ग्लास तिनं संपवला. तो खाली ठेवला आणि दिवस बुडाला. त्या दिवशी गोमटेशला ना दूध मिळालं ना दुधी. पण घरी जाताना त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

सकाळी स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. राजमतीनं पहिली भाकरी खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाली, "रातभर नुसती भूक लागल्याली ओ." गोमटेश भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत राहिला. मग उठून बाजारात गेला आणि हिरव्या मक्याची पेंढी खांद्यावर टाकून घरावरून निघाला. दारातच राजमतीनं त्याला अडवलं.

"ही कुणाला?"

"आण्णाच्या म्हशीला. तिचं उपकार हैत माझ्यावर. तुला जेवाय लावलं तिनं."

राजमतीच्या आता कुठं ध्यानात आलं. "म्हंजे तुमी त्या दिवशी सांगितलासा ते खरं हुतं? माझ्यासाठी चालत हुतासा?"

"व्हय."

तिचे डोळे भरून आले. तिनं त्याच्या खांद्यावर पडलेलं मक्याचं पान अलगद उचललं.

"मग आता दुधी बंद न्हवं?" गोमटेशनं हळूच विचारलं.

"थाप तुमची हुती," राजमती म्हणाली, "पण काटा माझ्या डोळ्यांनी बघितलाय मी."

त्या संध्याकाळी तो उकडलेला दुधी खायला बसला. समोर राजमती भाकरी खात होती, आता त्याचा जीव तळमळेल याची जराही पर्वा न करता. आयुष्यात इतका गोड दुधी गोमटेशनं कधी खाल्ला नव्हता.