निसीमकाकांच्या घशातली गाठ

रोह्याच्या ज्यू लोकांच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझान निसीमकाका अष्टमकर पेणच्या दवाखान्यात खुर्चीवर नुसते चुळबुळत होते. घटकेत या अंगावर, घटकेत त्या अंगावर. धाटावच्या कंपनीत बॉयलरपुढे वर्षानुवर्षं ओरडून त्यांच्या स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ धरली होती. साधीच गाठ, घाबरण्यासारखं काही नाही. पण वरच्या पट्टीत गेलं की आवाज टर्रकन फाटायचा.

"डॉक्टरीणबाई, नव्या वर्षाचा सण तोंडावर आलाय," सोबत आलेल्या त्यांच्या बायको दीनाकाकू म्हणाल्या. "सिनेगॉगांचा कारभार बघनारे मुंबईचे एलियाहसाहेब येनार हायत. मागच्या खेपेला म्हनाले, हझानचा आवाजच असा, तर तोराची पोथी ठाण्याला नेतो. पोथी गेली तर आमच्या रोह्यात ऱ्हायलं काय?"

"कुठे जात नाही पोथी," डॉक्टर श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांचं लेझरचं मशीन नवंकोरं होतं आणि त्यांना कधी एकदा सुरू करते असं झालं होतं. "बेशुद्ध करायचं नाही, ॲडमिट व्हायचं नाही. घसा बधिर करते, नाकातून बारीक दुर्बीण घालते आणि इथेच खुर्चीत गाठ जाळते. फक्त हलू नका. आधी लांब 'ई' म्हणा बघू."

काकांनी 'ई' लावली मात्र, अंग आपोआप पुढंमागं डुलायला लागलं. आयुष्यभर लांब सूर लावला तो प्रार्थनेतच, आणि प्रार्थनेत डुलायचं हा नेम!

"अहो काका, हलू नका!"

"ईऽऽ"

"हलू नका म्हणते ना!"

शेवटी दीनाकाकूंनी मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं. "लग्न झाल्यापास्नं आज पयल्यांदा माझ्या हातात ऱ्हायलेत," त्या समाधानाने म्हणाल्या.

गाठ गेली. पण आठवडाभर अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही! काका ओटीवरून मागल्या दारी आणि मागल्या दारातून ओटीवर फेऱ्या मारत सुटले. त्यात मुका तो बहिरा असं धरून जो तो त्यांच्या कानात बोंबलायचा. सिनेगॉगमधले जोशुआ रोज येऊन ओरडत, "निसीऽम, सणापोतर बरा व्हशील ना रेऽ?" काका कपाळावर हात मारून घेत.

आठवडा सरला. काकांनी घाबरत घाबरत चहा मागितला, तर आवाज लोण्यासारखा! दीनाकाकू पदर सावरत बाहेर आल्या. "कोन आलंय?"

सणाला एलियाहसाहेब पहिल्याच बाकावर बसले. प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुष जेमतेम जमले होते. काकांनी पहिली बराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीची प्रार्थना, म्हटली, ती इतकी गोड की त्यांचं त्यांनाच भरून आलं. आता लोकांकडून 'आमेन' यायला हवं.

आलंच नाही. सगळे काकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. दुसरी बराखा झाली, तरी चिडीचूप. एलियाहसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मेलो, काका मनात म्हणाले, गेली पोथी ठाण्याला!

जोशुआ हळूच त्यांच्या कानाशी लागले. "निसीम, तुझा आवाज कवा फाटनार? आमी आमेन कुटं म्हनायचं?"

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिब्रू कळणारे एकेक करून इस्रायलला निघून गेले होते. उरलेल्यांना एवढंच ठाऊक, की बराखा संपताना काका सूर वर नेतात, आवाज फाटतो, आणि फाटला की आमेन!

तिसऱ्या बराखेच्या शेवटी काकांनी घसा आवळला आणि आवाज टर्रकन फाडला.

"आमेन!" कौलं हादरली.

पुढे एकही आमेन चुकलं नाही. प्रार्थना झाल्यावर एलियाहसाहेबांनी काकांचे हात धरले. "मुंबईत एवढी माणसं, पण एक पुढं आणि एक मागं! काय एका दमात म्हणता हो तुम्ही! पोथी इथंच राहू दे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घशातली गाठ काढलीत म्हणून ऐकलं. ती डॉक्टरीण मात्र बदला."

पुढच्या तपासणीला श्यामलाबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. "पडदे कसे स्वच्छ आहेत! आता आवाज फाटत नाही ना?"

काका पुन्हा चुळबुळायला लागले. "फाटतो ना."

"अगं बाई! कधी?"

"आमेनच्या आधी," दीनाकाकू घाईघाईने म्हणाल्या. "पन तेवढा असू द्या, बाई. तिथं लेझर लावू नका."