कोथिंबीर वडीची राज्यघटना

हातात आलेली प्रत्येक नोट करंदीकर आधी उजेडाकडे धरतात आणि समोरच्याला विचारतात, "हे वचन कुणाचं?" दुबईत देरा भागातल्या टॅक्सीवाल्यालाही विचारतात. तो म्हणतो, "हबीबी, यल्ला, पीछे गाडी है!"

दुबईजवळच्या अजमानमध्ये हे आमचे शेजारी. दिवसा ट्रेडिंग ऑफिसात नोकरी, उरलेला वेळ दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत. पुण्यात त्यांनी त्यावर प्रबंध सुरू केला होता, पण दुबईची नोकरी लागली आणि तो ट्रंकेत गेला. तेरा राज्यं, ज्याच्या-त्याच्या नोटा, शेवटी नोटांची रद्दी. मग राज्यघटना लिहिताना राज्यांचा नोटा काढायचा हक्कच काढून घेतला. एवढं सगळं मी लिफ्टमध्ये शंभरदा तरी ऐकलंय, आणि आमची बिल्डिंग चार मजली आहे.

त्यांना खरं तर ते ऐकवायचं होतं मुलीला. मुग्धा नववीत. बाबांनी तोंड उघडलं की "बाबा, प्लीज, नॉट अगेन!" आणि वॉकमन कानाला. करंदीकर हसून घ्यायचे. मला फार वाईट वाटायचं.

एका शुक्रवारी दुबईत ऊद मेथाला मराठी मंडळाचा खाद्यमेळा होता. एक कुपन दोन दिरहम, म्हणजे पंचवीस रुपये, असं जो-तो मोठ्याने म्हणत होता. दुपारी मंडळाची कुपनं संपली, तेव्हा प्रत्येक स्टॉलने आपापली झेरॉक्स काढली. कोकणवाल्यांनी तर ढीगभर काढून, त्यावर स्वतःच शेजारच्या स्टॉलवर जेवून घेतलं! मग ते शेजारचे स्टॉलवाले एका कोथिंबीर वडीला त्यांची तीन कुपनं मागू लागले. नागपूरकरांची कोल्हापूरकर घेईनात. भांडण जुंपलं. सेक्रेटरी ओरडले, "खलास! मेळा बंद!"

करंदीकर खुर्चीवर चढले.

"थांबा! कुपन म्हणजे वचन. यापुढे स्टॉलने कुपन काढायचं नाही, फक्त मंडळ काढेल. सगळे गल्ले मंडळाकडे द्या. आणि लोकांच्या हातातलं प्रत्येक कुपन मंडळ शिक्का मारून बदलून देईल. दिलेलं वचन मोडायचं नाही!"

दहा मिनिटांत एकच रांग लागली. संध्याकाळपर्यंत शेवटची वडी संपली आणि कोकणवाल्यांनीच करंदीकरांना खांद्यावर घेतलं. मी तर शिट्टी मारली.

परतताना मी त्यांच्या गाडीत मागे होतो. पुढे मुग्धा, वॉकमन मांडीवर.

"बाबा, देन व्हॉट हॅपन्ड? इन अमेरिका, आय मीन."

करंदीकरांनी गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "सांगतो. तेरा राज्यं होती..."

अजमानचं वळण आलं. त्यांनी वळण न घेता गाडी सरळ पुढे नेली. मुग्धानेही ते पाहिलं, आणि वॉकमन समोरच्या खणात टाकून दिला.