किसनदादांचं सिलोनी मौन

किसनदादांकडे पंक्चर काढायला सायकल टाकली की माणसाची एसटी चुकायचीच. भोरच्या स्टँडसमोर त्यांचं सायकलचं दुकान होतं. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडा शोधायचा आणि तो सापडला की ट्यूब तशीच हातात धरून बोलायला लागायचं. "त्याचं कसं हाय भाऊसायेब, मुद्द्यावर येतो," अशी सुरुवात व्हायची. मग गाडी गुंजवणी खोऱ्यातल्या भातापासून पुण्याच्या लॉटरीपर्यंत सगळीकडे जाऊन यायची, मुद्द्याचा थांबा तेवढा राहायचा.

मी पोस्टात कारकून, राहायला त्यांच्या शेजारी. मधली भिंत एकच, त्यामुळे दादांचा शब्द न् शब्द आम्हाला फुकटात ऐकू यायचा. त्यांच्या बायकोचा, अनसूयावहिनींचा मात्र कधीच नाही. वहिनी माहेरच्या पासलीच्या. लग्न होऊन भोरात आल्या त्याला जमाना लोटला, तरी मान हलवण्यापलीकडे त्यांचं उत्तर नसे. "आमच्या हिला बोलायची आवडच न्हाई," दादा सांगत. "आवड एकच, वांगं!" दर बाजाराला ते पिशवीभर वांगी घेत आणि वाटेत भेटेल त्याला पिशवी उघडून दाखवत, "हिच्यासाठी. वांगं म्हनलं की जीव टाकती."

तर असे हे दादा मौन पाळायला परदेशी निघाले. पुण्याच्या बौद्ध विहारातली मंडळी भंतेजींबरोबर सिलोनला जाणार होती. तिथल्या एका विहारात पंधरवडाभर ध्यान, मौन आणि उपवास. वंदना चालू असताना दादा शेजारच्याशी कुजबुजले, तेव्हा भंतेजी म्हणाले होते, "किसन, तुला ध्यान जमायचं नाही." ते त्यांना झोंबलं होतं. "आता जमवूनच दावतो!" पण सिलोन आम्हाला ठाऊक होतं ते रेडिओवरच्या गाण्यांपुरतं. समोरच्या हॉटेलवाल्याने तर "एवढं एक गाणं लावायला सांगा" म्हणून फर्माईशही सोबत दिली.

उपवासाची तयारी मात्र दादांनी जय्यत केली. बौद्ध झाल्यापासून घरातली एकादशी-चतुर्थी बंद झाली होती, पण उपास म्हणजे काय काय खायचं, हे भोरात लहानपणापासून पाहिलेलं डोक्यात पक्कं होतं. वहिनींनी शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या, बटाट्याचा चिवडा असा पत्र्याचा डबा गच्च भरून दिला. "उपास मोठा हाय, फराळ बी जास्तीच लागनार," दादा म्हणाले.

रेल्वे, रामेश्वरची आगबोट वगैरे करून मंडळी पोहोचली. तिथला उपवास म्हणजे दुपारनंतर काही खायचं नाही. ते दादांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा दादा बोलत असतील. पहिल्याच संध्याकाळी ते झाडाखाली लाडू खाताना तिथल्या एका वयस्कर भिक्खूंना सापडले. भिक्खूंनी नुसतं डब्याकडे पाहिलं, मग दादांकडे.

"काय सांगू भाऊसायेब," परत आल्यावर दादा मला सांगत होते, "माज्याकडं असा मुद्दा हुता! शेंगदाना उपासाला चालतो, पार काशीपासनं रामेश्वरापत्तुर चालतो. जन्मात पयल्यांदा थेट मुद्द्यावर आलो, आन तोंड बंद! गप डबा दिला त्यांच्या हातात. दुसऱ्या दिशी सकाळी त्यांनी समद्यास्नी वाटला. मला एकच लाडू आला."

दादांनी मौन पुरं पाळलं, एक शब्द काढला नाही, असं पुण्याच्या मंडळींनीही शपथेवर सांगितलं. हॉटेलवाला काही हार मानेना. "त्यात काय मोठं? संगतीचे समदे मौनात, आन तिथं मराठी कुनाला येतंय? बोलनार कुनाशी?"

"मला ऐकनारा कवा लागलाय?" दादा म्हणाले.

पण घरात काहीतरी बिनसलं होतं. दिवसभर दुकानात दादांची टकळी पूर्वीसारखीच चालायची आणि दिवेलागण झाली की भिंतीपलीकडे चिडीचूप. आठवडा झाला तसं आमच्या सौभाग्यवतीला जेवण गोड लागेना. "भांडले असतील नाहीतर आजारी असतील. बघून तरी या," म्हणून तिने मला पिटाळलं. मी पंप मागायच्या निमित्ताने गेलो. वहिनी आत तांदूळ निवडत होत्या आणि दादा समोर मांडी घालून, हात जोडल्यासारखे धरून, त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. मला पाहताच ते ओट्यावर आले.

"मौन सुटलं त्या दिशी भंतेजी म्हनले, आता बोला," दादा हळू आवाजात म्हणाले. "समदे बोलाया लागले. माजं तोंडच उघडंना. भाऊसायेब, गप बसल्यावर मला समद्यांचे आवाज आठवायचे. आईची हाक, एसटीचा हारन, तुमचं खोकनं बी. हिचा आवाज काय आठवंना. एवढा संसार झाला, आन बायकूचा आवाज ठावं न्हाई! लई रडलो तितं. आता रोज सांजंला गप बसतो, तिला म्हनतो, तू बोल. ती नुसती मान हलवती. उशीर तर न्हाई ना झाला?"

एरवी त्यांची थट्टा करायला माझी जीभ शिवशिवायची. आता पंप मागायचंही विसरलो.

"हितं या," आतून आवाज आला. जरासा घोगरा. आम्ही दोघेही दचकलो. दादा लगबगीने आत गेले. मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना.

सुपातले तांदूळ चाळवत वहिनी म्हणाल्या, "राग न्हाई ना येनार?"

दादांनी मान हलवली, अगदी वहिनींसारखी.

"मला वांगं आवडत न्हाई. लग्नात तुमी मला वांग्याच्या भाजीचा घास भरवलात, तवाच सांगनार हुते. पर तुमी बोलत हुता."

दादांनी तोंड उघडलं. आता 'त्याचं कसं हाय' सुरू होणार, म्हणून मी कपाळाला हात लावणार, तोच त्यांनी ते मिटलं. डोळे पुसले, वहिनींच्या हातातलं सूप आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि खाली मान घालून खडे वेचायला लागले.

"आनी?" एवढंच म्हणाले.